कावळ्याचं वजन

डॉक्टर यास्ना आधी जखम पाहत नाहीत.
आधी हात पाहतात.
एलेउतेरिओ बारिया, वय एकसष्ट,
चाळीस हंगाम मेंढ्यांची लोकर कातरून
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, खारकेच्या बीएवढा.
"हा रोग नाही, इजाही नाही," त्या म्हणतात,
"ही मजुरी."
मी लिहितो. मग खोडतो.
फॉर्मात तसा रकाना नाही.

बाहेर पुंता अरेनासचा वारा
शवागाराच्या पत्र्याशी हुज्जत घालतोय.
माणसांना धरून चालता यावं म्हणून
इथे कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात.
त्यातलाच एक धरून सकाळपासून उभा आहे
जावई, उलिसेस.
पोलिसांना त्यानं स्वतःच सांगितलं:
बोटीच्या इंजिनावरून वाद झाला.
मी ढकललं.
ते चुलीवर आपटले.
उठले नाहीत.
चार वाक्यं. पोलिसांनी त्यांना मिळून एक कलम दिलं.

उजव्या कानामागे खरचटलेलं,
त्याखाली रक्त साकळलेलं, बटाट्याच्या कापाएवढं.
"एवढंच?" मी.
"थांब."

माणूस पडून डोकं आपटतं तेव्हा
मेंदू बहुतेकदा लागल्या जागी नव्हे,
पलीकडच्या बाजूला ठेचतो,
घोडा अचानक थबकावा आणि स्वार पुढे जावा तसा.
त्यांनी भिंग पलीकडे नेलं.
तिथल्या घड्या स्वच्छ,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरीसारख्या.
रक्त होतं ते आत, गाभ्यात,
जिथवर कुणाचा हात पोचत नाही.

तराजू माझ्याकडे असतो.
हृदय: पाचशे साठ ग्रॅम.
भिंत जाड झालेली, वर्षानुवर्षं
बंद दाराला रेटत राहिलेल्या खांद्यासारखी.
मूत्रपिंडं मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.
आणि मेंदूत आणखी दोन जुनी भोकं, मसुराएवढी,
ज्यांची एलेउतेरिओला खबर नव्हती.
किंवा होती.
बायको म्हणते, मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस
ते कातरीला 'दोर' म्हणत होते.
घरात सगळे हसले होते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला,
असं लोक म्हणतात, आणि आपल्या कामाला लागतात.
आम्हाला झाडाखाली जावं लागतं.
मोडलेलं टोक दिव्याखाली धरून बघावं लागतं
लाकूड ओलं असताना तुटलंय
की आतून कधीचंच पोखरलेलं,
भुगा आजचा की सालोसालचा.
आणि कावळ्याचं वजनही करावं लागतं.

"पण भांडणात रक्त चढतं," मी म्हणालो.
"बोलण्यानंच नस फुटली असेल तर?"
त्या बराच वेळ हात धूत राहिल्या.
"बोलण्याची खूण माझ्या सुरीला सापडत नाही, ओविदिओ.
सापडत नाही म्हणून ती नसते, असं मी कधी म्हटलं?"

मग त्यांनी पुन्हा ते दोन्ही हात उताणे केले.
तळवे कोरे. मनगटं कोरी.
पडणारा माणूस काहीतरी धरू बघतो,
निदान जमीन.
यांनी काहीच धरू पाहिलं नव्हतं.

उलिसेसला आत बोलावलं.
चुलीआधीच सुरू झालं असावं, त्या म्हणाल्या,
असावं, यापुढे मी जाणार नाही.
त्याचं तोंड उघडंच राहिलं.
"त्यांचे ओठ वाकडे झाले होते," तो म्हणाला,
"शब्द चावल्यासारखे येत होते.
मला वाटलं, मला वेडावतायत.
म्हणून तर..."

कुणीच काही बोललं नाही. पत्रा वाजत होता.
"ढकललं ते तरी खरं ना?" त्यानं विचारलं,
जणू तेवढं तरी आम्ही त्याच्याकडे राहू द्यावं.
"खरं," डॉक्टर म्हणाल्या.

तो गेला. मी सुईत दोरा ओवला.
खिडकीतून दिसत होता:
कोपऱ्यावरचा दोर न धरता
वाऱ्यात तिरका चालत.